सातभाईंची साक्ष

एका नदीकाठच्या जंगलात एक साळिंदर राहत असे. जंगलात पूर्वी काय काय घडले, ते ताडाच्या पानांवर आपल्याच काट्याने कोरून ठेवायचे, हा त्याचा उद्योग. त्याच्या शब्दाला मोठा मान होता.

एकदा ते जुन्या महापुराची हकिकत लिहायला बसले. त्या पुरात हरणांचा कळप बुडाला होता. झाडावरचे सातभाई पक्षी कलकलाट करत म्हणाले, "नदीवर पहारा पाणमांजरीचा होता. ती झोपली! शीळ घालून कोणाला सावध केलेच नाही!" सातही जण एकच सांगतात म्हटल्यावर साळिंदराने ते तसेच लिहिले. म्हातारी घोरपड ते पाहून म्हणाली, "अरे, यांना एकेकटे गाठून विचारलेस का? आणखी कोणाला विचारलेस? सभेत वाचण्याआधी एकदा तपासून घे बाबा."

"सात तोंडे काय खोटे बोलतील?" असे म्हणून साळिंदराने ते सभेत वाचून दाखवले. प्राणी खवळले. आता त्या पाणमांजरीची लेक पहारा देत असे. "झोपाळूंचा पहारा नको!" म्हणत सर्वांनी तिला पिल्लांसकट हाकलून दिले. पुढच्याच पावसाळ्यात नदी चढली आणि शीळ घालायला कोणी नव्हते. पाणी साळिंदराच्या बिळात शिरले. ते स्वतः कसेबसे बाहेर पडले, पण त्याचे एक पिल्लू वाहून गेले.

मग घोरपडीचे बोलणे आठवून साळिंदर चौकशीला निघाले. सहा सातभाई म्हणाले, "आम्हाला थोरल्याने सांगितले." थोरला चाचरला. "वारा फार होता. मला शीळ ऐकू आली नाही, म्हणून वाटले, घातलीच नसेल." पुरातून वाचलेली एक हरिणी म्हणाली, "पाणमांजरीची शीळ ऐकूनच मी टेकडीकडे धावले. शीळ घालता घालता बिचारी स्वतः वाहून गेली. मला कधी कोणी विचारलेच नाही!" साळिंदराने भर सभेत आपली चूक सांगितली, पान बदलले आणि पाणमांजरीच्या लेकीला आणायला ते खालच्या डोहावर गेले. तिने सगळे ऐकून घेतले. "आईवरचा डाग पुसलास, बरे केलेस," ती म्हणाली, "पण माझी पिल्ले आता इथेच रुळली. आम्ही नाही येणार." साळिंदर एकटेच परतले.

तात्पर्य : पुष्कळांनी सांगितले म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने आधी पारखावे आणि मग लिहावे. चुकलेले पान बदलता येते, त्याने केलेले नुकसान भरून येत नाही.