देवदाराला बांधलेली दुर्दैवं

जपानातल्या एका डोंगरावर शिंतो पंथाचं फार पुरातन देऊळ होतं आणि तिथला पुजारी वयाने देवळापेक्षा थोडाच लहान असावा. त्याच्याकडे एकदा एक शिष्य दाखल झाला. वय तिशीचं, घरदार सोडून आलेला, परत जायला जागा नाही. त्याच्यात गुण एकच, टापटीप; आणि अवगुणही तोच.

तिथली रीत अशी, की भाविकाने भविष्याची चिठ्ठी काढायची. शुभ निघाली तर घरी न्यायची; अशुभ निघाली तर आवारातल्या देवदाराला बांधायची आणि दुर्दैव देवाच्या हवाली करून मोकळं व्हायचं. शिष्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं! त्याला दिसला तो कागदांनी गबाळा झालेला वृक्ष. पहिल्याच सकाळी त्याने झाडून साऱ्या चिठ्ठ्या सोडल्या, टोपलीत भरल्या आणि घाम पुसत म्हणाला, "आता कसं देवळासारखं दिसतंय!"

दुपारी गाव लोटला. सगळ्यांत पुढे चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी. "उद्या माझं गलबत निघायचंय आणि या दीडशहाण्याने माझं दुर्दैव मोकळं सोडलं! गुरुजी, याला आजच्या आज हाकला!"

पुजाऱ्याने शांतपणे टोपली चटईवर पालथी केली. "आधी ज्याने त्याने आपापलं दुर्दैव ओळखावं आणि पुन्हा बांधावं. दुसऱ्याचं घेऊ नये. मग याचं बघू."

व्यापारी फतकल मारून बसला. "'प्रवासात विलंब.' हे माझं! अरेच्चा, हेही 'प्रवासात विलंब'. आणि हेसुद्धा?"

"ठेवा ते खाली, माझं आहे!" एक कोळीण कडाडली.

"तुमचं कशावरून?"

दुर्दैवासाठी अशी ओढाताण! कोळिणीलाच आधी हसू फुटलं, मग व्यापाऱ्याला, मग साऱ्यांना.

पुजारी म्हणाला, "बाबांनो, प्रत्येकाला वाटतं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलं. हाती येईल ते बांधा. देव नाव विचारत नाही."

झाड पुन्हा भरलं. शिष्याने भीत भीत स्वतःसाठी चिठ्ठी काढली. 'नव्या जागी अपमान.' ती घेऊन तो देवदारापाशी गेला, तर हात पोचेल तिथे तसूभर जागा नाही. तो तसाच उभा राहिला. व्यापाऱ्याने ते पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि आपली चिठ्ठी दोन बोटं बाजूला सरकवली.

"बांध इथे. आणि उद्या पुन्हा आवरायला काढू नकोस, हात जोडतो!"

शिष्याने चिठ्ठी बांधली. जरा तिरकीच बसली. त्याचा हात पुढे झाला, थांबला, आणि त्याने ती तशीच राहू दिली.