उंबऱ्यावरचा वैद्य

राज्ये नद्यांच्या नावाने ओळखली जात, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका नदीकाठच्या राज्यात एक कनवाळू राणी राज्य करत होती. म्हातारपणी ज्यांच्याकडे पाहायला कुणी उरले नाही, अशांसाठी तिने टेकडीच्या पायथ्याशी एक मोठे घर बांधले. लोक त्याला विसावा म्हणत. तिथे तेवीस म्हातारी माणसे राहत.

राणीने एक नियम घालून दिला होता. दर आठव्या दिवशी राजवैद्याने विसाव्यात जायचे, एकेकाच्या अंथरुणाजवळ बसायचे, नाडी पाहायची आणि कोणते औषध चालू ठेवायचे, कोणते थांबवायचे ते ठरवायचे. मग ताडपत्रावर प्रत्येकाच्या नावापुढे प्रकृती लिहून खाली आपला शिक्का उठवायचा. ते पान राणीकडे जाई. राणी ते वाची आणि निश्चिंत होई.

विसाव्यात दोन बाया कामाला होत्या, त्यांतली एक गोजरा. सगळ्यांची अंगे पुसणे, पेज भरवणे, वेळच्या वेळी औषध देणे ही तिची कामे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कुणाला पेजेत मीठ जास्त लागते, हवा बदलली की कुणाचे गुडघे धरतात, हे तिला पाठ होते.

तिथल्या माणसांत सुभानजी नावाचा एक जुना नावाडी होता. त्याला गप्प बसणे ठाऊकच नव्हते. कोणत्या पुरात नाव कशी वाचवली, कोणत्या वऱ्हाडाने मधल्या धारेत भांडण काढले, सगळे तो रोज नव्याने सांगे, आणि गोजरा त्याची नखे काढता काढता ऐके. एका हिवाळ्यात त्याचा पाय सुजला. वेदनेने त्याला झोप येईना. राजवैद्याने निरोप ऐकूनच झोपेचा काढा दिला आणि सांगितले, पाच दिवस द्या, मग मी पाहीन.

पाच दिवस झाले. वैद्याने पाहिले नाही.

राजवैद्य हुशार होता, आणि मनाने वाईटही नव्हता. पण दरबारात त्याचा मान वाढत गेला, सरदारांच्या घरची बोलावणी वाढली, आणि विसाव्यासाठीचा वेळ आटत आटत उंबऱ्यापाशी येऊन थांबला. पालखीतून उतरून तो दारातच उभा राही. विसाव्याच्या कारभाऱ्याला विचारी, सगळे ठीक ना? कारभारी म्हणे, ठीक. पान लिहून तयारच असे. शिक्का उठे आणि पालखी वळे.

काढा थांबवा असे कुणी सांगितले नाही, म्हणून तो चालू राहिला. पुढे कारभाऱ्याच्या लक्षात आले, की काढा घेतलेला माणूस हाका मारत नाही. मग संध्याकाळ झाली की घरी जायचे म्हणून रडणाऱ्या अंबूआजीला काढा सुरू झाला. मग सारखे पाणी मागणाऱ्या एका म्हाताऱ्याला. उन्हाळा लागेपर्यंत नऊ जण तो घेऊ लागले होते. विसावा शांत झाला. येणारे-जाणारे म्हणत, इथे सगळे किती समाधानाने पडून असतात.

गोजराला त्या शांततेची धास्ती वाटू लागली. सुभानजीची जीभ कोरडी पडली होती. बोलता बोलता त्याचे शब्द घसरत. पेजेचा घोट तोंडातच राही आणि गिळायचे विसरून तो तिच्याकडे पाहत बसे. काम करता करता ती दहादा मागे वळे, त्याची छाती वर-खाली होते आहे ना ते पाही, मगच पुढे जाई.

काढा द्यावा तर माणूस विझत चालला होता. न द्यावा, तर वैद्याचे औषध आपल्या मनाने कसे तोडायचे? तोडले आणि काही बरेवाईट झाले तर? हा घोर तिला जेवूही देईना.

ती कारभाऱ्याकडे गेली. औषध वैद्यांचे आहे, त्यात आपण पडायचे नाही, असे त्याने सांगितले. मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "तुम्ही बाया दोन, आणि माणसं तेवीस. सगळे एकदम जागे झाले, तर पुरशील का तू?"

त्याचे तेवढे म्हणणे खरे होते.

मग ती राजवैद्याच्या घरी गेली. दोन दिवस सकाळपासून दुपारपर्यंत फाटकाशी बसून परत आली. तिसऱ्या दिवशी तो पालखीत चढताना भेटला. एक पाय आत, एक बाहेर, असे त्याने तिचे ऐकले. दर आठव्या दिवशी मी त्यांना पाहतोच आहे, असे म्हणून तो आत बसला. तुम्ही पाहत नाही, असे म्हणायचा गोजराला धीर झाला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला तिने काय म्हणायचे?

परत येऊन तिने काढ्याची वाटी सुभानजीच्या ओठांना लावली. वाटी रिकामी झाली.

चार दिवसांनी सकाळी सुभानजी तोंड धुवायला उठला. पायांनी साथ दिली नाही. दगडी पायरीवर तो आडवा पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. वैद्याला निरोप गेला. वैद्य आला नाही. तेलाची बाटली आली आणि सांगणे आले, की तेल चोळा आणि झोपू द्या.

दोन दिवस गोजरा त्याच्या उशाशी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोळे उघडले.

"गोजरे, नाव कुठं लागली गं?" त्याने विचारले. "मला काठ दिसत नाही."

"लागेल आता, बाबा," ती म्हणाली. तिने त्याचा हात धरून ठेवला. संध्याकाळच्या आत तो हात गार झाला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी राजवैद्याची पालखी आली. कारभाऱ्याने पान पुढे केले. त्यावर तेवीस नावे होती. धावपळीत त्याने मागच्या पानाचीच नक्कल केली होती. वैद्याने शिक्का उठवला. शाई अजून ओली होती, तेव्हा गोजरा आतून येऊन उंबऱ्यात उभी राहिली. तिने चौकट धरली.

"वैद्यबुवा, सुभानजी नावाडी कसे आहेत?"

वैद्याने पानाकडे नजर टाकली. "बरे आहेत. लिहिलंय इथे."

"परवा त्यांना नदीवर पोचवलं आम्ही."

कारभाऱ्याने मान खाली घातली. गोजराने पानाकडे बोट दाखवले.

"त्याच पानावर आणखी बावीस नावं आहेत. त्यांच्यातलं कोण बरं आहे, ते आत येऊन सांगा."

वर्षभरात पहिल्यांदा राजवैद्याने तो उंबरा ओलांडला. अंबूआजीपाशी तो बसला, तिच्या पापण्या वर करून पाहिल्या, तिला कुशीवर वळवले. तिच्या पाठीवर तळहाताएवढी जखम होती. दिवस दिवस एकाच अंगावर पडून ती झाली होती. तो एकेकाजवळ गेला. नवांपैकी उरलेल्या आठही जणांजवळ त्याला आपलाच काढा सापडला. शेवटच्या अंथरुणाशी तो खालीच बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने गोजराला सांगितले, की काढा रोज थोडा थोडा कमी कर, एकदम बंद केलास तर जिवावर बेतेल. आपल्या मनाने काढा तोडला असता तर काय झाले असते, ते गोजराला तेव्हा उमगले. जे तिला एकटीला कधीच कळले नसते, ते सांगायला वैद्याला फक्त आत यावे लागले होते.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन ती राणीसमोर उभी राहिली आणि घडले ते सगळे सांगितले. स्वतःच्या हातांनी दिलेल्या वाट्याही तिने लपवल्या नाहीत. राणीने वर्षभराची पाने काढवली आणि शेजारी शेजारी मांडली. सगळी सारखी होती.

राणी हळूच म्हणाली, "तेवीस म्हाताऱ्या माणसांत वर्षभर कुणाला साधा खोकलाही झाला नाही. याचं मला नवल कसं वाटलं नाही?"

राजवैद्याचे पद गेले. कारभाऱ्यालाही काढले. विसाव्यात आठ बायका कामाला आल्या. नव्या वैद्याला अंथरुणाशी बसूनच पान लिहावे लागे, आणि म्हाताऱ्यांनी स्वतः सांगितलेले दुखणे त्यात उतरवावे लागे. राणी आता केवळ पान वाचून थांबत नसे. न कळवता ती विसाव्यात येई आणि एकेकाशी बोले.

काढा घेणाऱ्या आठांपैकी सहा जण हळूहळू जागे झाले. दोघांना फार उशीर झाला होता. अंबूआजी जागी झाली तेव्हा आषाढ लागला होता. तिने खिडकीबाहेर पाहिले.

"झाडाला मोहोर होता ना गं? आंबे झाले का?"

"संपले, आजी."

म्हातारीने तिच्याकडे मान वळवली. मग तिने विचारले, "मग मला उठवलं का नाहीस?"

गोजराने तिच्या पाठीची जखम पुसायला घेतली.

तात्पर्य: ज्याची काळजी आपल्यावर सोपवली आहे, त्याला जवळ जाऊन डोळ्यांनी पाहावे, दारातून उठवलेला शिक्का कुणाचाही जीव राखत नाही.