लहानूचं पोट आणि दूध संघाचं गेट

हिंगणमळा गावात एक भोळा राखणदार राहत होता. त्याचं नाव लहानू आणि वजन एकशे अडतीस किलो. यात त्याचा दोष नव्हता. नाव आधी ठेवलं होतं.

दूध संघाच्या गेटवर तो अकरा वर्षं रात्रपाळी करत होता. काम एकच. दुधाची गाडी आली की गेट उघडायचं. हे त्याला छान जमायचं. पण मग खुर्च्या मोडू लागल्या, गुडघे धरले, रक्तातली साखर वाढली. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि लहानूचं पोट केळ्याएवढं करून टाकलं.

दोन महिन्यांनी तो कामावर परतला. सुपरवायझर खरमाळे म्हणाले, "लहानू, महिनाभर बघतो. गेटवर घोळ झाला किंवा तू आजारी पडलास, तर कायमचा घरी. सगळं नीट झालं, तर नोकरी पक्की."

लहानूची बायको हौसाबाई देवापाशी एकच मागायची, हा महिना धड जाऊ दे. लहानू सांगितलेलं कधी मोडत नसे. फक्त कुठलं सांगणं कुठल्या कामाचं, हे त्याला कळत नसे.

पाळी सुरू व्हायच्या आधी तो दवाखान्यात गेला. तिथे आहार सांगणाऱ्या केतकी मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "रात्री एकदम काही आत घ्यायचं नाही. आधी अर्धं. मग पंधरा मिनिटं थांबायचं. मग उरलेलं. आत जागा लहान आहे."

"बरं," लहानू म्हणाला.

रात्री दुधाच्या चौदा गाड्या आल्या. लहानूने आत पाहिलं. जागा खरंच लहान होती. पहिल्या गाडीचं तोंड आत आलं आणि त्याने हात दाखवला. "बास. अर्धी झाली. उरलेली गाडी पंधरा मिनिटांनी."

"आरं, दूध नासंल!" ड्रायव्हर ओरडला.

"घाई केली तर उलटी होते," लहानू म्हणाला.

शेवटच्या पाच गाड्यांचं दूध नासलं. सकाळी खरमाळे कपाळाला हात लावून बसले. "अरे गाढवा, अर्धं-बिर्धं काही नाही! जे येईल ते सरळ आत घ्यायचं. थांबवायचं नाही. समजलं?"

"बरं साहेब."

दुसऱ्या रात्री कँटीनवाला मुरली गरम वडे घेऊन गेटवर आला. "घेतोस का एक?"

आले होते सात. थांबवायचं नव्हतं. लहानूने सातही सरळ आत घेतले. पुढचा तपशील सांगत नाही, ऐकणारे जेवायला बसले असतील. सकाळी हौसाबाई त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.

केतकी मॅडम चांगल्याच रागावल्या. "जे दिसेल ते आत? आधी काय आहे ते बघायचं! डाळ, अंडं, पनीर असेल तर पहिलं. पोळी-भात शेवटी, जागा उरली तर. गोड अजिबात नाही. आणि दर तासाला दहा मिनिटं चालायचं. बसून राहिलेला माणूस बरा होत नाही."

चालणं लहानूला झकास जमलं. त्यात गेट नव्हतं.

त्या रात्री संघाचे चेअरमन गाडीतून आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, म्हणून पेढ्यांचे खोके भरून आणले होते. लहानूने गाडीत डोकावून पाहिलं.

"काय आहे आत?"

"पेढे. तुलाही देतो, उघड."

"गोड अजिबात नाही," लहानू म्हणाला. "पनीरची गाडी येऊ द्या. तुम्ही शेवटी, जागा उरली तर."

चेअरमन स्वतःच्याच गेटबाहेर तासभर डास मारत बसले.

सकाळी खरमाळ्यांचा आवाज बसला होता. ते हळूच म्हणाले, "लहानू, आत काय आहे ते तुला काय करायचंय? पास बघ. सही बघ. शिक्का बघ. लाल शिक्का असेल तर सोड. नसेल तर ब्रह्मदेव आला तरी सोडू नको."

"बरं साहेब."

रात्री त्याने हौसाबाईने दिलेला डबा उघडला. अर्धी वाटी डाळ, एक अंडं. पास नव्हता. लहानूने डबा बंद केला. पहाटे घरी आला तो भिंतीला धरून.

"आवं, जेवला न्हाई?" हौसाबाईने विचारलं.

"पास नव्हता."

हौसाबाईने डोळ्यांना पदर लावला. रडून झालं, मग उठली. मुलीच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं, "डाळ अर्धी वाटी, अंडं एक. आत सोडावे." खाली सही केली आणि अंगठा कुंकवात बुडवून शिक्का उठवला. त्या दिवसापासून डबा रोज पास घेऊन जाऊ लागला. लहानू वेळेवर जेवू लागला, दर तासाला चालू लागला. खुर्ची मोडायची थांबली. गेटही सुरळीत चाललं. हौसाबाई दिवस मोजत होती.

महिन्याची शेवटची रात्र आली. दोन चोर तारेच्या कुंपणावरून आत शिरले आणि तुपाचे डबे घेऊन गेटपाशी आले. बाहेर त्यांचा टेम्पो उभा होता. गेटमध्ये लहानू उभा होता. वजन घटलं होतं, तरी गेट अडवायला पुरेसं होतं.

"पास?" लहानूने विचारलं.

एका चोराने विडीच्या कागदावर लिहिलं, "तूप. बाहेर सोडावे." तारेने त्याचा अंगठा कापला होता. कागदावर लालभडक ठसा उमटला.

"हा बरोबर आहे," लहानू म्हणाला. "पण एकदम नाही. एक डबा, मग पंधरा मिनिटं."

"दादा, घाई आहे."

"घाई केली तर उलटी होते."

चोर थांबले. आरडाओरडा त्यांना परवडणारा नव्हता. पाच वाजता सकाळच्या दुधाच्या गाड्या आल्या, तेव्हा सोळावा डबा बाहेर पडत होता. ड्रायव्हरांनी दोघांनाही धरलं आणि गेटजवळच्या खोलीत कोंडलं.

खरमाळे धावत आले. डबे मोजले. सगळे मिळाले. त्यांनी लहानूला मिठी मारली. आता हात मागे पोचत होते.

"लहानू, तुझी नोकरी पक्की! आत्ता कागद करून आणतो. पोलीस येईपर्यंत या दोघांना सांभाळ. अगदी स्वतःच्या जिवासारखं सांभाळ!"

"बरं साहेब."

तासाभराने खरमाळे कागद घेऊन आले. सही होती, लाल शिक्का होता. मागे दोन हवालदार होते आणि आनंदाने रडणारी हौसाबाई होती. खोलीचं दार सताड उघडं होतं.

"चोर कुठायत?"

"चालायला सोडलेत. तास झाला ना. बसून राहिलेला माणूस बरा होत नाही."

"कधी सोडलेस?"

लहानूने घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटांसाठी सोडले होते. वीस झाली. गडी मेहनती आहेत साहेब, लवकर बरे होणार."

हौसाबाई मटकन खाली बसली. खरमाळ्यांनी हातातला नोकरीचा कागद टर्रकन मधोमध फाडला.

"बरोबर साहेब," लहानू हात पुढे करून म्हणाला. "आत्ता अर्धा द्या. उरलेला पंधरा मिनिटांनी."