शिदोजीच्या हातातली दोरी

खूप खूप वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून कुणी नावे दिली नव्हती, तेव्हा दोन डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत एक गाव होते. त्या गावात धुके राहत असे. इतर गावांत धुके पाहुण्यासारखे येते आणि ऊन पडले की निघून जाते. इथे ते घरच्यासारखे अंगणात बसून असायचे. माणूस दिसण्याआधी त्याच्या वहाणांचा आवाज यायचा, आणि गाय हंबरली की ती नक्की कुठल्या बाजूला आहे यावरून घराघरांत वाद व्हायचे.

गावाचे सगळे बियाणे एकाच कोठारात ठेवलेले असे. नाचणी, वरी, वाल, कुळीथ, सगळ्यांच्या उंच उंच कणग्या शेणाने लिंपून उभ्या. त्यांची राखण मांजरे करत. मांजरे होती म्हणून उंदीर तिकडे फिरकत नसत, आणि उंदीर फिरकत नसत म्हणून गाव दरवर्षी पेरणी करू शके. त्यामुळे मांजरांचा थाट काही विचारू नका. वाटेत मांजर झोपलेले असले तर माणसे वळसा घालून जात.

या कोठाराचा राखणदार होता शिदोजी. एकटा जीव. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. स्वभावाने तो घाबरट होता आणि घाबरटपणा लपवण्यासाठी मोठ्याने ओरडायचा. अशी माणसे तुमच्याही ओळखीची असतील. एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुरातून वाहत आलेले कुत्र्याचे लालसर पिल्लू त्याने काठीने बाहेर ओढले, घोंगडीत गुंडाळले आणि त्याला तांबू म्हणून हाक मारली. त्या दिवसापासून शिदोजीच्या घरात पुन्हा बोलण्याचा आवाज येऊ लागला. ऐकणारा एक कुत्राच होता, पण तो मनापासून ऐकायचा.

तांबू मोठा झाला. एके सकाळी धुक्यातून एक मांजर अलगद बाहेर आले आणि तांबू शेपटी हलवत त्याच्यामागे धावला. झाले! शिदोजी पुरता घाबरला. मांजरांना धक्का लागला तर गाव आपल्या कुत्र्याला ठेवेल का? तो असा काही ओरडला की कणगीवरची धूळ खाली आली. त्याने धावत जाऊन तांबूला धरले, त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि दुसरे टोक आपल्या मुठीत आवळले.

तेव्हापासून मांजर दिसले रे दिसले की शिदोजी ओरडे, "तांबू, खबरदार!" आणि दोरीला हिसका देई. तांबू आधी नुसता धावायचा, आता दात दाखवून धावू लागला. शिदोजीने त्याला रागावून पाहिले, उपाशी ठेवून पाहिले, मग स्वतःलाच वाईट वाटले म्हणून दुप्पट जेवू घातले. कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी सगळी मांजरे कोठार सोडून गावाबाहेरच्या वडावर जाऊन बसली, आणि कणग्यांना उंदरांनी भोके पाडली.

गावची पाटलीण हौसाबाई कोठाराच्या दारात आली. बाई सरळ मनाची होती, पण गावाचे पोट तिला सांभाळायचे होते.

"शिदोजीकाका, तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला कळतं. पण बियाणं गेलं तर पोरंबाळं काय खातील?" ती म्हणाली. "मिठाच्या गोण्या घेऊन बैल घाटातून यायचे आहेत. ते परत निघायच्या आत मांजरं कोठारात आली पाहिजेत. नाहीतर तांबूला त्यांच्याबरोबर पाठवा."

शिदोजीने मुठीतली दोरी आणखी आवळली. तांबू मात्र हौसाबाईचा हात चाटत होता.

दुसऱ्या दिवशी शिदोजी तांबूला घरी बांधून एकटाच वडाखाली गेला. धुके इतके दाट होते की झाड दिसतच नव्हते, नुसत्या पारंब्या वरून कुठूनतरी खाली आल्या होत्या. सगळ्यात खालच्या फांदीवर एक म्हातारी मांजर बसली होती. तिचे दोन्ही डोळे केव्हाच गेले होते. त्या काळी मांजरे बोलत असत. फक्त फारसे कुणाशी बोलावे असे त्यांना वाटत नसे.

"मावशी," शिदोजी हात जोडून म्हणाला, "माझ्या कुत्र्याला काय झालंय ते सांगा. एवढा शहाणा जीव, पण तुम्ही दिसलात की पिसाळतो."

"कुत्र्याचं मला ठाऊक नाही," मांजर म्हणाली. "मी त्याला कधी पाहिलंच नाही. मला ऐकू येतं तेवढंच. मी कोठाराशी आले ना, की आधी तुझा श्वास अडकतो. मग दोरी ताणली जाते. आणि मग कुत्रा भुंकतो. नेहमी असंच. कुत्रा आधी भुंकलाय असं एकदाही झालं नाही."

शिदोजीने आपल्या मुठीकडे पाहिले.

"पहिल्या दिवशी तो खेळायला धावला होता रे. तू असा ओरडलास, की त्याला वाटलं असेल, वाघच आलाय. आपला धनी एवढा घाबरतो म्हणजे ही मांजरं काहीतरी भयंकर असणार. तुला वाचवायला धावतो तो."

शिदोजीच्या डोळ्यांत पाणी आले. "मग मी काय करू?"

"काही करू नकोस. तेच तुला जड जाणार आहे," मांजर म्हणाली. "मी रोज येत जाईन. फांदीवर झोपून माझंही अंग आखडलंय."

आणि खरेच, काही न करणे शिदोजीला फार जड गेले. तो अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसे, तांबू शेजारी. दूर धुक्यात म्हातारी मांजर येऊन उभी राही. शिदोजी तोंडाने हसे, गोड बोले, पण त्याची मूठ आपोआप आवळली जाई आणि तांबू उठून गुरगुरू लागे. तोंडावरच्या हसण्याला माणसे फसतात, कुत्री नाही. मग शिदोजी मुठीकडे पाहून ती सैल करी, लांब श्वास सोडी आणि पुढची शेंग उचली. तांबूने मान वळवून त्याच्याकडे पाहिले की भाकरीचा तुकडा पुढे करी. मांजर जराशी जवळ येई, बसे, निघून जाई. धुके, शेंगांचा बारीक आवाज आणि मधे ती मांजर. त्या दिवसांत शिदोजीला कधी कधी वाटे, आपण जागे आहोत की झोपेत आहोत? तांबूच्या गुरगुरण्यात आता पहिला जोर नव्हता. पण मांजर अगदी जवळ आली की शिदोजीचा हात अजूनही दगा देत होता.

अशात घाटातून घंटांचा आवाज आला. मिठाचे बैल आले, आणि एक दिवस परतही निघाले.

त्या सकाळी सारे गाव कोठारापुढे जमले. धुक्यातून म्हातारी मांजर हळूहळू चालत आली. तिला बघताच गावाने श्वास रोखला. ती शांतता तांबूने ऐकली, आणि त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. शिदोजीची मूठ आवळू लागली.

तेवढ्यात त्याने बैलांच्या रांगेकडे पाहिले, आणि त्याच्या मनात आले, 'तांबूला जावे लागले, तर मीही जाईन. मिठाच्या गोण्या वाहीन, पण याला एकटा सोडणार नाही.' एवढे ठरले आणि त्याच्या छातीवरचे ओझे उतरले. आता घाबरण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्याने तांबूच्या गळ्यातली दोरी सोडली, बाजूला ठेवली, खाली बसला आणि चक्क जांभई दिली.

तांबूने मांजरीकडे पाहिले. मग शिदोजीकडे पाहिले. मग त्यानेही मोठी जांभई दिली आणि पुढच्या पायांवर मान टेकली. आंधळी मांजर चाचपडत त्याच्या शेपटीला अडखळली, जराशी थांबली आणि त्याच्या उबेला अंग चिकटवून बसली.

शिदोजी तांबूच्या मानेत तोंड खुपसून रडला. हौसाबाईने डोळे पुसले आणि बैलवाल्याला हाताने खूण केली, "तुम्ही व्हा पुढे."

दुपारपर्यंत सगळी मांजरे वडावरून उतरून कोठारात आली. त्या वर्षी गावाची पेरणी उरलेल्या बियाण्यावर झाली. थोडी कमी झाली, पण झाली. आणि तांबू म्हातारा होऊन मरेपर्यंत शिदोजीच्या अंगणातच राहिला.

दुसऱ्याला शांत करायचे असेल, तर आधी आपल्या मनातली भीती सोडावी लागते.