पाळकसाहेबांचा तुकडा

एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत होती. उपासनेत वाटायची प्रभुभोजनाची पवित्र भाकर प्रत्येकाने शेजाऱ्याला द्यायची, शेजाऱ्याने पुढच्याला. पहिला तुकडा तीस वर्षं शेवंताबाई देत आल्या होत्या. उपासनेत तेवढीच त्यांची सेवा. आता मात्र वयामुळे त्यांच्या हातून तुकडा कधीकधी खाली पडायचा.

मंडळीचे नवे धर्मगुरू, पाळक हाबेल शिंगाडे, मोठे शिस्तीचे. त्यांनी फर्मावलं, “हा गोंधळ बंद. आजपासून भाकर फक्त मी देईन. दुसऱ्या कोणी द्यायची नाही, आणि स्वतःच्या हाताने तर कोणीच घ्यायची नाही.”

शेवंताबाईंना फार लागलं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना भाकर दिली. शेवटी स्वतःसाठी तुकडा उचलला, तशा त्या हळूच म्हणाल्या, “थांबा साहेब. स्वतःच्या हाताने घेतलीत, तर तुमचीच शिस्त मोडेल की.”

पाळकांचा हात तिथेच थांबला. “मग मला कोण देणार, बाई?”

“तेच म्हणते. देणारे एकटे तुम्ही, तर उपाशी राहणारेही एकटे तुम्हीच.”

मंडळी गालात हसली. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी ताट शेवंताबाईंच्या हाती दिलं आणि मान लववून ओंजळ पुढे केली.

“उपकार झाले, बाई,” ते म्हणाले.

तेव्हापासून पहिला तुकडा पुन्हा शेवंताबाईच देतात, आणि तो पाळकसाहेबांच्या ओंजळीत पडतो.