नुसता उजेड

गाणं ऐकण्याआधी माणसं आतले दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह तापायची वाट बघायची, त्या काळातला एक अ‍ॅम्प्लिफायर होता. बनवणाऱ्या कंपनीचं नावही आता कुणाला आठवत नव्हतं. माळ्यावर धूळ खात पडलेला त्यातला थोरला व्हॉल्व्ह एकच आस धरून होता: पुन्हा तापायचं, पुन्हा गायचं.

एकदा मालक भास्करराव पेंढारकरांनी तो अ‍ॅम्प्लिफायर इस्माईल मिस्त्रींकडे दुरुस्तीला दिला. जुने सुटे भाग काही मिळेनात. तरी मिस्त्रींनी आत काहीबाही जोडलं आणि भास्कररावांना बोलावून बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल होऊ लागला. पण तो तापायच्या आतच गाणं सुरू झालं!

"कोण गातंय?" त्याने दचकून विचारलं.

"मी," खालून नखाएवढी नवी चिप म्हणाली. "आजोबा, तुम्हाला फक्त उजेडाची वायर दिलीय, आवाजाची नाही. शोभेला ठेवलंय तुम्हाला."

"मग मला विझव गं, बाई."

"ते माझ्या हातात नाही."

बाहेर भास्कररावांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा! व्हॉल्व्हचा आवाज तो व्हॉल्व्हचाच. चिपला जमायचं नाही हे!"

मिस्त्रींनी नजर दुसरीकडे वळवली. आत व्हॉल्व्ह शरमेने आणखीच लाल झाला.

"बघा," भास्करराव म्हणाले, "आता कसा तापलाय!"