टिप्याचा बूट डांबरात

एक होता नाकतोडा. इवलासा. त्याचं नाव टिप्या. पायांत लाल लाल बूट. चालायचा कसा? टण टण, टण टण!

एकदा रस्त्यावर डांबर ओतलं. गरम गरम. काळं कुळकुळीत! आईनं मारली उडी. टण्ण! गेली पलीकडे. टिप्यानं मारली उडी. टण्ण... पच्च! पडला की डांबराच्या कडेला! पाय निघाला, बूट राहिला. आई पलीकडे, टिप्या अलीकडे. आता अनवाणी पाय गरम डांबरावर ठेवायचा कसा?

"आई गं!" टिप्याला रडूच आलं. तेवढ्यात तिकडून रोलर निघाला. घर्रर्र घर्रर्र! बाई गं, बुटाची पोळी होणार आता!

"डांबरदादा, डांबरदादा, बूट निघेना, आई भेटेना!"

डांबरदादा म्हणाला, "मी आहे चिकट. खडीला खडी मीच धरतो, म्हणून रस्ता होतो घट्ट. धरलं की सोडत नाही. तेल आलं तर सोडीन."

टिप्या निघाला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. टण फुस्, टण फुस्!

"तेलकाका, तेलकाका, डांबर सोडेना, बूट निघेना, आई भेटेना!"

तेलकाका डब्यात लोळत होते. म्हणाले, "रस्त्यावर काम करणारी ठकूमावशी फावड्याला मला लावते. मग डांबर चिकटत नाही. पण डब्यातून येऊ कसा? मावशी उठली तर येईन."

टण फुस्, टण फुस्! घर्रर्र घर्रर्र! रोलर जवळ आला.

"ठकूमावशी, ठकूमावशी, तेल येईना, डांबर सोडेना, बूट निघेना, आई भेटेना!"

मावशी झाडाखाली बसली होती. मांडीवर बाळ. बाळाचं भोकाड, अँऽऽ अँऽऽ! मावशी म्हणाली, "अरे लेकरा, उठू कशी? बाळ हसलं तर उठेन."

"बाळा, बाळा, मावशी उठेना, तेल येईना, डांबर सोडेना, बूट निघेना, आई भेटेना!"

बाळ म्हणालं, "उकडतंय! फांदीनं वारा घातला तर हसेन."

घ्या! आता फांदी!

"फांदीताई, फांदीताई, बाळ हसेना, मावशी उठेना, तेल येईना, डांबर सोडेना, बूट निघेना, आई भेटेना!"

फांदी म्हणाली, "माझी मी हलू कशी? कुणी उडी मारली तर हलेन."

उडी? अरे, उडी तर टिप्याची! पण एकाच बुटानं? टिप्या घाबरला. घर्रर्र घर्रर्र! रोलर अगदी जवळ आला. टिप्यानं डोळे मिटले. टण्ण! पान हललं. पुन्हा टण्ण! डहाळी हलली. पुन्हा टण्ण्ण्ण!

फांदी हलली. सळसळ सळसळ! बाळ हसलं. खुदुखुदु! मावशी उठली. तेल आलं. बुदुक बुदुक! डांबरानं सोडलं. बूट निघाला. सप्पक!

घर्रर्र घर्रर्र! रोलर आला, रोलर गेला. रस्ता झाला गुळगुळीत. अजून गरमच होता हं! पण टिप्याचे दोन्ही पाय बुटांत. मावशीनं दोन्ही बुटांच्या तळांना तेल चोपडलं. आता डांबर धरतंय थोडंच?

टण टण, टण टण! टिप्या पलीकडे.

"आलास रे माझ्या राजा!" आईनं त्याला पोटाशी धरलं. घट्ट, घट्ट. डांबरापेक्षाही घट्ट!

हुश्श! टिप्या पोचला, बूट वाचला, आता पापा द्या मला!